बांधाला लावलेलं चाक

त्या खाचराचा बांध मी फोडला. माझ्या सायकलच्या चाकानं तो फुटला, आणि त्याचा दोष दुसऱ्या माणसावर आला तेव्हा मी तिथेच सायकल धरून उभा होतो. मी काही बोललो नाही. पुढेही बरीच वर्षं बोललो नाही. एका माणसाचं गाव त्यामुळे सुटलं, दोन भावांचं बोलणं तुटलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला चांगला माणूस समजणार नाही.

तेव्हा मी आसनगाव स्टेशनाजवळच्या एका लाकडाच्या वखारीत कारकून होतो. जंगलातून गाड्या भरून लाकूड आणि कोळसा यायचा, तो मोजून घ्यायचा आणि वॅगनमध्ये चढवून द्यायचा, एवढंच आमचं काम. लग्न होईपर्यंत मी वखारीतच राहत होतो. ओंडक्यांच्या आडोशाला चूल होती, तिच्यावर भात शिजवायचा आणि तिथेच पथारी टाकायची. लग्नानंतर बायकोला किती दिवस माहेरी ठेवणार? घर शोधणं भाग होतं.

शहापुरात खोल्या होत्या. पण मला परवडतील अशा खोल्यांत उजेड नव्हता, आणि उजेडाच्या खोल्या कचेरीतल्या लोकांनी आधीच धरलेल्या होत्या. माझ्याकडे एक सायकल होती, कल्याणहून जुनी घेतलेली. तिचा ब्रेक एकाच बाजूला लागायचा आणि घंटी वाजायची नाही, पण तिच्या जोरावर मी मनाशी ठरवलं की घर थोडं लांब असलं तरी चालेल. दुपारी जेवायला घरी येता यावं आणि परत वखारीत पोचल्यावर शेठसमोर धापा टाकाव्या लागू नयेत, एवढ्या अंतरावरचं घर मला हवं होतं.

मग सुटीच्या दिवशी मी सायकल काढायचो आणि आसपासची गावं बघत फिरायचो. मी घर बघत नव्हतो, रस्ता बघत होतो. हे मला तेव्हाही कळत होतं आणि त्यात मला हुशारी वाटत होती. एका गावाला जाताना सगळा उतार लागला म्हणून मी खूश झालो, आणि परत येताना अर्ध्या चढावर उतरून सायकल ढकलताना लक्षात आलं की रोज सकाळी कामाला जाताना हेच करावं लागेल. आग्रा रोडला लागून एक खोली मिळत होती, पण मोटार गेली की धूळ थेट चुलीपर्यंत यायची. एका ठिकाणी वाट चांगली होती, घर चांगलं होतं, पण मधल्या वाडीतली कुत्री सायकलच्या मागे लागायची. असं करत करत महिने गेले.

आमच्या वखारीत गाडी घेऊन येणाऱ्यांत एक शेतकरी होता. भाताचं काम आटोपलं की तो लाकडाच्या खेपा करायचा. एक दिवस गाडी रिकामी करून तो माझ्याजवळ आला.

"मेताजी, घर बघताव म्हनं?" वखारीच्या कारकुनाला तिकडे मेताजी म्हणायचे. "माझी पडवी हाय रिकामी."

"किती लांब आहे?"

"लांब कसलं? हे काय समोर. त्या ताडाच्या पल्याड कौलं दिसतात ना, ती आमचीच."

माघ महिना असेल. भात केव्हाच घरात गेलं होतं, सगळी खाचरं कोरडी पडली होती, आणि त्यांच्यावरून गाड्यांची वाट पडली होती. स्टेशनाकडून थेट त्या गावापर्यंत सरळ आणि सपाट. जिथे बांध आडवे येत तिथे गाडीच्या चाकांनी ते जमिनीबरोबर केले होते. मी सायकलवर बसलो तो त्या घराच्या अंगणातच उतरलो. इतकी चांगली वाट मला कुठेच मिळाली नव्हती. मी भाडं विचारलं, विहीर कुठे आहे ते विचारलं, दूध मिळेल का विचारलं. पावसाळ्यात ही वाट कुठे जाते, ते मी विचारलं नाही. घरच्यांनीही सांगितलं नाही. भातशेतीच्या गावात ही गोष्ट कोणी कोणाला सांगत नाही. पावसाळ्यात तिथे भात असतं. वाट नसते.

त्या घरात दोन भाऊ राहत होते. थोरला म्हणजे तो गाडीवाला, त्याला मी इतरांसारखं दादा म्हणू लागलो. धाकटा त्याच्याहून बराच लहान, माझ्याच वयाचा. त्यांची आई लवकर गेली होती आणि धाकट्याला थोरल्याच्या बायकोनं वाढवलं होतं. तिला स्वतःचं मूल नव्हतं. धाकट्याचं लग्न झालं, त्याला मुलगी झाली, तरी जेवायला बसला की तो भाकरी वहिनीच्याच हातून घ्यायचा. चुली दोन होत्या, अंगण एक होतं. जमीनही वाटून घेतलेली होती. वरची खाचरं थोरल्याची, त्यांना लागून खालची धाकट्याची. पण काम एकत्र. तिकडे त्याला सावड म्हणतात: आज तुमच्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तुम्ही.

आम्ही राहायला गेलो त्या दिवशी धाकट्यानं माझी सायकल अंगणात उभी पाहिली आणि आत ओरडून विचारलं, "वयनी, मेताजींच्या घोड्याला पेंढा घालू का गो?"

"आधी तुझ्या बैलांना घाल," आतून उत्तर आलं.

माझी बायको पहिल्यांदा त्या घरात हसली ती तेव्हा. तिचं माहेर मुरबाडकडचं. भाताची कामं तिला ठाऊक होती, आणि महिन्याभरात ती वहिनींच्या चुलीपाशी जास्त आणि आमच्या चुलीपाशी कमी दिसू लागली.

पाऊस सुरू झाला आणि माझी वाट गेली. गाडीवाटेनं वळसा घालून जायचं तर चाक आसापर्यंत चिखलात रुतायचं. गावातले सगळे जण बांधावरून जायचे, एकामागे एक, अनवाणी. मीही तसाच जाऊ लागलो. दादांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं.

"सायकल खांद्याव घ्या, मेताजी. बांदाला चाक लावू नका. गाड्या जात व्हत्या ना, तिथं आमी आता नवी माती घातलीय. ती अजून बसली नाय."

"खांद्यावर? एवढ्या लांब?"

"मंग काय तिनं तुमाला खांद्याव घ्यावं?" धाकटा मधेच म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझी सायकल त्यानंच उचलली आणि रस्त्याला लागेपर्यंत नेऊन दिली. पुढेही शेताकडे जाताना मी दिसलो की तो न विचारता ती माझ्या हातातून घ्यायचा.

आषाढात पावसानं ओढ दिली. भाताच्या लावणीला तिकडे आवणी म्हणतात. आवणीला खाचरात पाणी उभं असावं लागतं, आणि जे पाणी होतं ते वरच्या खाचरांत साठलेलं होतं. एका संध्याकाळी अंगणात दोघे भाऊ बसले होते.

"दादा, वरलं पानी जरा सोड ना," धाकटा म्हणाला. "माझा चिखल वाळाय लागलाय."

"उद्या माझी आवनी होऊ दे. मंग सोडतो."

"तवर माझं खाचर तडकंल."

"तडकू दे. लय लाडाचा हायस."

सगळे हसले, धाकटाही हसला. मी पडवीत बसून ऐकत होतो. त्या बोलण्यात काही वाईट नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला उशीर झाला. वॅगन लागायची होती आणि आदल्या दिवशीच मी शेठची बोलणी खाल्ली होती. धाकटा कुठे दिसला नाही. दादा, वहिनी आणि सावडीची माणसं राबातली, म्हणजे भाताची रोपं वाढवायच्या वाफ्यातली, रोपं उपटायला पलीकडच्या अंगाला गेली होती. बांधावर आलो तर उन्हानं वरची माती सुकून कडक दिसत होती. मी सायकल खांद्यावरून उतरवली. दोन-चार पावलं चाक छान चाललं. मग मी ती ढकलत भराभर निघालो.

उन्हाळ्यातली गाडीवाट जिथे बांधावरून गेली होती आणि आता नवी माती होती, तिथे पुढचं चाक रुतलं. मी जोरानं ओढलं, आणि चाकाबरोबर बांधाची कड निघाली. वरच्या खाचराचं पाणी त्या खाचेतून खाली वाहू लागलं. धार बारीक होती. मी चिखलाचा एक गोळा तिथे दाबला, त्यावर गवत टाकलं, वरून पाय दिला. धार थांबल्यासारखी दिसली. हाक मारली असती तर राबातून कोणी ना कोणी आलं असतं. मी हाक मारली नाही. वॅगनचा विचार करत मी निघून गेलो.

त्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी गेलो नाही. काम जास्त आहे असं स्वतःला सांगितलं.

संध्याकाळी परत आलो तेव्हा बांधावर माणसं जमली होती. वरच्या खाचरात नुसता चिखल उघडा पडला होता. उपटलेल्या रोपांच्या जुड्या कडेला तशाच होत्या. खालचं खाचर काठोकाठ भरलेलं होतं. दुपारी दादा रोपं घेऊन आले तेव्हा त्यांनी धाकट्याला फावडं घेऊन फुटलेल्या बांधाशी उभा पाहिला होता.

"पानी मागितलंस, दिलं नाय, म्हनून चोरून कापलंस," दादा म्हणत होते. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

"दादा, मी बुजवत व्हतो. मी आलो तवा बांद फुटलेलाच व्हता."

"आपसूक फुटला?"

"ते मला काय म्हायती?"

"खेकड्यानं पोखरला आसंल," एक म्हातारा मधे पडला.

"खेकडा फावडं घेऊन आला व्हता काय?" कोणीतरी म्हणालं, आणि चार माणसं हसली.

मग कोणी म्हणालं की बांधाची माती उचल, डोक्यावर धर आणि बोल, म्हणजे मिटलं. तिथली ती शपथ. धाकट्यानं दादांकडे पाहिलं.

"माझ्या बोलन्यावर दादाचा इस्वास नाय, तर मातीव कसा बसंल?" तो म्हणाला. त्यानं माती उचलली नाही. लोकांनी त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला.

तो खरं बोलतो आहे हे त्या सगळ्यांत फक्त मला माहीत होतं. माझ्या चाकाची खूण तोवर पायांखाली मिटून गेली होती. मी सायकल खांद्यावर घेतली, आणि माणसांच्या बाजूनं घराकडे गेलो. गप्प राहायला मला कारणं होती. बायकोचे दिवस भरत आले होते. पडवी गेली तर ऐन पावसात कुठे जायचं? दोघं भाऊच आहेत, चार दिवसांत बोलू लागतील. ही कारणं मी स्वतःला अनेकदा सांगितली. पण खरं कारण एवढंच होतं की बोलण्यापेक्षा गप्प बसणं सोपं होतं, आणि दुसऱ्या दिवशी ते आणखी सोपं झालं.

पाऊस पुढे उशिरा आला. रोपं तोवर जून झाली आणि दादांचं ते खाचर त्या वर्षी पड राहिलं. सावड मोडली. धाकट्याच्या आवणीला गावातून कोणी गेलं नाही, तो आणि त्याची बायको दोघंच वाकलेली दिसायची. अंगणाच्या मधोमध कुडाची भिंत आली. छोटी मुलगी कुडाच्या फटीतून हात घालायची, आणि वहिनी दादांची नजर चुकवून त्या हातावर काही ना काही ठेवायच्या.

एक दिवस त्या आमच्या पडवीत आल्या. माझी बायको विहिरीवर गेली होती.

"मेताजी, तुमी त्या दिवशी बांदावरनं गेलताव ना?"

"हो."

"फुटलेला व्हता का हो तवा? पानी जाताना बघितलंत? तुमी सांगितलंत तर हे ऐकतील. तुमी शिकलेली मानसं."

"नाही," मी म्हणालो. "माझं लक्ष नव्हतं."

"मी त्याला वाढवलाय," त्या म्हणाल्या. "तो कापनार नाय." आणि गेल्या. तोवर मी फक्त गप्प होतो. त्या दिवशी मी खोटं बोललो. पुढच्याच पंधरवड्यात माझी बायको बाळंत झाली. दोन दिवस आणि दोन रात्री वहिनी तिच्या उशाशी होत्या.

दिवाळीनंतर भात झोडून झालं आणि धाकटा बायकोच्या गावी निघून गेला. धसईच्या बाजूला कुठे तरी, एवढंच आम्हाला कळलं. जाताना त्यानं कुडाशी उभं राहून "वयनी, येतो गो," म्हटलं. दादा गोठ्यात होते, ते बाहेर आले नाहीत.

उन्हाळ्यात आम्ही शहापुरात खोली घेतली. तिथून वखारीपर्यंत पक्का रस्ता, पावसाळ्यातही चाक रुतायचं नाही. मला हवं होतं तसं घर शेवटी मिळालं, आणि रोज सकाळी त्या रस्त्यावर पायडल मारताना मला तो बांध दिसायचा. बायकोला मी हे सांगितलं ते कितीतरी नंतर. ती भाजी निवडत होती.

"वहिनींनी विचारलं होतं तुम्हाला?" तिनं एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. त्यानंतर बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

दुसऱ्या महायुद्धाची शेवटची वर्षं होती. सायकलचा टायर मिळत नव्हता. माझा फाटलेला टायर मी आतून चिंधी लावून चालवत होतो. वखारीसाठी कोळसा ठरवायला मी मुरबाडकडे जाऊ लागलो होतो. एकदा धसईच्या बाजारात मागून कोणीतरी कॅरियर धरला.

"मेताजी, घोडा म्हातारा झाला की हो तुमचा."

तो धाकटा होता. केस पांढरे व्हायला लागले होते. त्यानं मला ओढून चहाला नेलं. आधी माझ्या बायकोचं विचारलं, मुलाचं विचारलं. मग म्हणाला, "वयनी कशी हाय?"

"बऱ्या आहेत," मी म्हणालो. खरं तर मी दोन वर्षांत तिकडे गेलो नव्हतो. "तुमची मुलगी?"

"लग्नाची झाली. परवा बघाय आलते. पसंत बी पडली." त्यानं बशी खाली ठेवली. "मंग त्यांनी आमच्या गावात चौकशी केली. आता निरोप बी नाय."

"चौकशीत काय निघालं?"

"काय निघनार? बांद कापनारा. सख्ख्या भावाचा." तो हसला. "लोक तरी काय करतील हो? दादाच बोलला म्हनल्यावर."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. चहाचे पैसेही त्यानंच दिले, मला देऊ दिले नाहीत. परतीच्या वाटेवर शहापूरचा फाटा आला तेव्हा मी वळलो नाही. तसाच दादांच्या गावाला गेलो.

दादा ओटीवर बसले होते. वहिनी तांदूळ पाखडत होत्या. मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं: चाक, खाच, चिखलाचा गोळा, वॅगन, आणि धसईला भेटलेल्या धाकट्याच्या मुलीचं लग्न कशामुळे अडलं तेही. वहिनींकडे बघून सांगितलं की तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. वहिनींचं सूप हातातच राहिलं. दादा माझ्या पायांकडे बघत होते. मला वाटलं, ते उठतील आणि मारतील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"मी बजावलं व्हतं," शेवटी ते म्हणाले.

"हो."

"आनि मी त्याला..." ते थांबले. मग म्हणाले, "मला कशाला सांगताव? मी त्याला चारचौघांत चोर म्हनलो. चारचौघांत बोला. मी बी येतो."

"मी बी," वहिनी म्हणाल्या. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या.

पुढच्या बाजाराच्या दिवशी दादांनी गाडी जुंपली. मी सायकलवर मागून होतो. दादांनी आधीच निरोप पाठवून मुलगी बघून गेलेल्या माणसांनाही बोलावून घेतलं होतं. धाकट्याच्या अंगणात घोंगड्या टाकल्या होत्या, शेजारची माणसं येऊन बसली होती. गाडी थांबली तशी वहिनी उतरल्या आणि कोणाकडे न बघता आत गेल्या. धाकटा दाराशी उभा होता. दादा त्याच्यासमोर गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी हात जोडले. मी सावकाश बोललो.

"भाऊ, त्या दिवशी बांध मी फोडला. दादांनी बजावलं होतं तरी मी चाक लावलं. फुटल्यावर कोणाला हाक मारली नाही. तुम्ही तो बुजवत होता, तुम्ही खरं बोलत होता, आणि ते मला एकट्याला माहीत होतं. सगळे तुम्हाला बोलत होते तेव्हा मी तिथे होतो. वहिनींनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. तुमचं घर, तुमचं नाव, इतकी वर्षं, हे माझ्यामुळे गेलं. ते परत द्यायला माझ्याकडे काही नाही. इथे बसलेल्या सगळ्यांसमोर सांगतो, चोर तुम्ही नव्हता. माझी चूक झाली. मला माफ करा."